आवाज कुणाचा?

आपल्या बैठकांमध्ये बायकांच्या रोजगाराचा विषय निघाला की यादी ठरलेली असते. शिवणयंत्र, मसाले, पापड-लोणची, पाळणाघर, फार तर संगणकाचा तीन महिन्यांचा वर्ग. गेली दोन-तीन वर्षं मात्र आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायका या यादीत नसलेल्या एका कामाबद्दल विचारू लागल्या आहेत. ‘आवाजाचं काम कुठे मिळतं का हो?’ आवाजाचं काम म्हणजे डबिंग, जाहिरातीचं व्हॉइस ओव्हर, बोलकी पुस्तकं, माहितीपटाचं निवेदन, बँकेला फोन लावला की ‘मराठीसाठी दोन दाबा’ असं सांगणारी बाई. विचारणाऱ्या बहुतेक जणी पंचेचाळिशी ओलांडलेल्या.

हे मी एका बैठकीत सांगितलं तेव्हा चळवळीतली एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, ‘अगं, ही सुखवस्तू बायकांची हौस आहे. मुलं मोठी झाली, दुपार रिकामी झाली. आपण घरकामगारांचं बघू.’ दोघी-तिघी हसल्या. मला ते पटलं नव्हतं आणि अजूनही पटत नाही. तेव्हा वेळ संपत आली होती, म्हणून गप्प बसले. आता जरा सविस्तर बोलते.

आमच्याकडे आलेल्या तिघींची ओळख, नावं टाळून. पहिली ५१ वर्षांची. सहकारी बँकेत बावीस वर्षं काउंटरवर होती, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर लांबच्या शाखेत बदली झाली. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, त्यामुळे नोकरी सोडावी लागली. दुसरी ४६ वर्षांची बालवाडी शिक्षिका. बालवाडी बंद पडली, नवरा आधीच वारलेला. तिसरी ४९ वर्षांची, मूळची मराठवाड्यातली. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यापासून वेगळी राहते, पोटगीचा दावा चालू आहे. शिक्षण दहावी. तुला काय काय येतं, असं मी नेहमीच्या पद्धतीने तिला विचारलं तर ती म्हणाली, ‘भजनी मंडळात सुरुवात मलाच करावी लागती ताई, माझा आवाज मागच्या बाईपत्तूर जातोय.’

यातली सुखवस्तू कोण, ते त्या मैत्रिणीने मला सांगावं.

या बायका नेमक्या याच कामाकडे का वळतात? एक कारण सरळ आहे. पन्नाशीच्या बाईला नोकरीचा अर्ज करायला गेलं की पहिल्याच ओळीत वयाची अट आडवी येते. दुकानात तरुण मुलगी हवी, कार्यालयात ‘स्मार्ट’ मुलगी हवी. माइकसमोर चेहरा दिसत नाही, केस पांढरे आहेत की रंगवलेले हे कुणी विचारत नाही. ‘बूट पॉलिश’ या १९५४च्या चित्रपटातली बेबी नाझ आठवते का? त्या मुलीच्या कामाची दखल थेट कान महोत्सवात घेतली गेली. मोठेपणी तिला नायिकेच्या भूमिका फारशा मिळाल्या नाहीत. १९८०च्या दशकात, म्हणजे चाळिशीच्या आसपास, तिने श्रीदेवीच्या हिंदी चित्रपटांना आवाज दिला. पडद्यावर तरुण श्रीदेवी नाचायची आणि बोलायची ती नाझ. श्रीदेवीचा स्वतःचा आवाज हिंदी प्रेक्षकांनी ऐकला तो १९८९च्या ‘चांदनी’त. मधल्या काळात किती प्रेक्षकांना नाझचं नाव माहीत होतं, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

दुसरं कारण बायका स्वतःहून बोलत नाहीत, पण ऐकू येतं. ज्या बाईला आयुष्यभर ‘हळू बोल’, ‘बाईच्या जातीला एवढा आवाज बरा नव्हे’ असं ऐकवलं गेलं, तिला कुणीतरी तिचा आवाज ऐकून घ्यायला पैसे देतं ही गोष्ट साधी नाही. मी एमएसडब्ल्यूच्या अभ्यासात सक्षमीकरणाच्या पुष्कळ व्याख्या पाठ केल्या. त्यातली एकही इथे वापरणार नाही, पण कानाला हेडफोन लावून स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे.

आणि नेमकी हीच भूक विकत घेणारा एक धंदा उभा राहिला आहे. ‘तुमचा आवाज गोड आहे? घरबसल्या कमवा!’ दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी प्रमाणपत्र आणि एक ‘डेमो’. बँकेतल्या ताईंनी अशा एका वर्गाला पंचवीस हजार रुपये भरले. शिकवणारा माणूस उत्तम बोलायचा, पण काम कुठे मिळतं, दर काय, बिल कसं करायचं याचा तास त्यात नव्हताच. ‘आत्मविश्वास ठेवा, विश्व तुम्हाला साथ देईल’ एवढं सांगून ताईंना घरी पाठवलं. आता त्या नव्या बॅचच्या जाहिरातीत ‘आमच्या विद्यार्थिनी’ म्हणून फोटोत आहेत! सगळे वर्ग असे नसतात. काही कलाकार जीव ओतून शिकवतात. पण पैसे भरण्याआधी बायकांनी एकच विचारावं: मागच्या बॅचमधल्या किती जणींना वर्षभरात पैसे मिळालेलं काम मिळालं, आणि त्यांतल्या दोघींशी मला बोलता येईल का? उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो, त्यावरून बरंच कळतं.

‘गोड आवाज’ ही तर या क्षेत्रातली सर्वांत निरुपयोगी गोष्ट. डबिंगमध्ये समोरच्या नटीचे ओठ जिथे मिटतात तिथे तुमचा प, ब, म पडावा लागतो. ती धावत असेल तर तुम्ही उभ्या जागी धापा टाकायच्या, ती रडत असेल तर चौदाव्या रिटेकलाही पहिल्यासारखं रडायचं. बोलक्या पुस्तकाचा एक तास तयार व्हायला वाचण्याचे दोन-तीन तास लागतात. चुका काढणं, श्वास साफ करणं, पुन्हा वाचणं याचा वेळ निराळा. घसा हे इथलं अवजार आहे. रजोनिवृत्तीच्या काळात संप्रेरकं बदलतात तसा पुष्कळ बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, जाड होतो, वरच्या पट्टीत फाटतो. बालवाडीच्या ताईंना हे आपल्याला काहीतरी झालंय असं वाटून त्या घाबरल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं वर्गात ओरडून घशावर ताण आलेला असतो तो वेगळाच. या बदललेल्या आवाजालाही काम आहे: आजी, डॉक्टरीणबाई, विमा, आरोग्याची माहिती, कादंबरी. पण बाजाराच्या मनात बाईचा आवाज म्हटलं की अजून पंचविशीची किणकिणच असते. १९९८च्या ‘गुलाम’मध्ये राणी मुखर्जीचा स्वतःचा जाडसर आवाज नायिकेला शोभणार नाही म्हणून काढून टाकला आणि मोना घोष शेट्टी यांचा घातला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याच आवाजावर राणी पुढे नामवंत झाली, ही गंमत. आणि जाहिरात नीट ऐका: भांडी घासून दाखवणारी बाई असते, पण शेवटी ठासून ‘हेच घ्या’ म्हणणारा आवाज अजूनही बऱ्याचदा पुरुषाचा असतो.

‘घरबसल्या’ हा शब्द तर आपण चांगला ओळखतो. विडी घरबसल्याच वळली जाते. उदबत्ती, कपड्यांना काज-बटण, राखीला मणी लावणं, सगळं घरबसल्या. जागा कामगाराची, वीज कामगाराची, अवजार कामगाराचं आणि माल नापास झाला तर नुकसानही तिचंच. आवाजाच्या कामात माइक तिचा, संगणक तिचा, नाकारलेलं रेकॉर्डिंग पुन्हा करण्याची रात्र तिची. काय फरक आहे? घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांबाबत आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, त्यामागे आपल्याच देशातल्या असंघटित बायकांच्या संघटनेची मोठी धडपड होती. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही. म्हणून मी त्या ज्येष्ठ मैत्रिणीला सांगते, की हा विषय घरकामगारांच्या विषयाला सोडून नाही, त्याच्याच शेजारी राहतो.

घरात रेकॉर्डिंग करायचं तर शांतता लागते, आणि आपल्या घरांत शांतता ही बाईच्या मालकीची वस्तू नाही. शेजारचा मिक्सर, कुकरची शिट्टी, खालचा भंगारवाला, सासूची हाक, टीव्ही. बँकेतल्या ताई कपाटाचं दार उघडून, लोंबत्या साड्यांमध्ये माइक ठेवून, अंगावर गोधडी घेऊन बोलतात. साड्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे घुमत नाही. ऐकायला मजेशीर वाटतं, प्रत्यक्षात मे महिन्यात पंखा बंद करून त्या गोधडीखाली वीस मिनिटं काढून बघा. वेळ कुठली, तर रात्री एक ते चार. सकाळी साडेपाचला पाणी येतं.

आता ज्याबद्दल आपण आपसातही मोकळं बोलत नाही त्या गोष्टीकडे येते. काम देणारे विचारतात, ‘शुद्ध मराठी आहे ना?’ शुद्ध म्हणजे कुठली? ‘पाणी’तला ण आणि ‘चमचा’तला च कसा हवा हे पुण्यातल्या ठरावीक पेठांतल्या ठरावीक घरांनी कधीकाळी ठरवलं, ते आजही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चालतं. उच्चार शिकता येतात, शिकावेतही. मी कुणाला न शिकण्याचा सल्ला देणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण आमच्या तिसऱ्या ताईंना, त्या ‘काय करायलाव’ म्हणतात म्हणून, एका वर्गात ‘तुमचा टोन गावठी आहे’ असं सगळ्यांदेखत सांगितलं गेलं. तीन महिन्यांनी एका शेतीच्या जाहिरातीसाठी ‘अस्सल गावरान बाई’ हवी होती. ते काम शहरातल्या एका अनुभवी कलाकार बाईंना मिळालं आणि त्यांनी ‘गावरान’ आवाज काढला. मालिकेतली मोलकरीण, चित्रपटातली ऊसतोडणी करणारी बाई, सरकारी माहितीपटातली बचतगटाची अध्यक्ष, यांच्या तोंडी जो एक सरसकट ‘वं’ आणि ‘गं बया’ घातलेला असतो तो कुठल्या जिल्ह्याचा आहे? वऱ्हाडचा नाही, मालवणचा नाही, बीडचाही नाही. तो शहराच्या कल्पनेतला आहे. ज्या बाईची भाषा खरोखर तशी आहे तिला तिच्याच भाषेचं काम मिळत नाही, यात जात आणि वर्ग दोन्ही आहेत. पुरुषसत्तेविरुद्ध बोलताना आपल्यापैकी अनेकींच्या जिभेवर तीच ‘शुद्ध’ भाषा आहे, माझ्याही.

याला उत्तर नाही असं नाही. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूर गावात २००८ सालापासून ‘संगम रेडिओ’ चालला, तो दलित बायकांनी चालवला. बी-बियाणं, पाऊस, सण यांविषयी त्यांच्याच तेलुगूत. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झालं. तिथे माणदेशी बाई माणदेशी बोलते आणि कुणी तिला टोन सुधार म्हणत नाही. सामुदायिक रेडिओत फार पैसा नाही, हे मान्य. पण तिथे तासन्तास माइकसमोर बसलेल्या बाईला धंद्याच्या खोलीत कुणी सहज दबकवू शकत नाही.

नावाचा प्रश्न वर राहिला होता. १९९३चा ‘मणिचित्रताळ्’ हा मल्याळम चित्रपट, आपल्याकडे ‘भूलभुलैया’ म्हणून आला तोच. त्यातल्या कामाबद्दल शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नायिकेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा. पण तिच्या अंगात संचारणारी नागवल्ली तमिळ बोलते तो अंगावर काटा आणणारा आवाज दुर्गा नावाच्या तमिळ कलाकार बाईचा होता, आणि हे दिग्दर्शक फाजिल यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०१६ साली. तेवीस वर्षं त्या आवाजाचं श्रेय चुकीच्या नावावर जमा होतं. केरळात निदान डबिंग कलाकारांसाठी राज्य पुरस्कार आहे, त्यामुळे नावाची चर्चा तरी होते.

नाव लागणं हा मानाचा प्रश्न वाटतो, पण तो पैशाचा आणि कायद्याचाही आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सादरीकरण करणाऱ्याला आपलं नाव लावून मागण्याचा हक्क, व्यापारी वापरासाठी मानधनातला वाटा आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क मिळाला. पण त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक शेपूट जोडलं: चित्रपटात ज्या व्यक्तीचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे जिचं नाव श्रेयनामावलीत कुठेही येत नाही, ती व्यक्ती, मोडतोडीविरुद्धचा हक्क सोडला तर, ‘सादरकर्ती’ मानायची नाही. म्हणजे नाव गाळण्याचा रिवाज त्यांनीच पाडायचा आणि मग त्या रिवाजाच्या आधाराने हक्क गाळायचा. गर्दीतला आवाज, फोनवरची नर्स, शेजारीण अशी छोटी छोटी कामं नव्याने आलेल्या, वयाने मोठ्या बायकांच्याच वाट्याला येतात. शेपटाचा फटका त्यांनाच बसायचा.

याच कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र आपल्या बाजूच्या आहेत. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते माध्यम त्या करारात येत नाही. म्हणूनच आता जे करार हातात येतात त्यात ‘सर्व माध्यमांत, भविष्यात शोधल्या जाणाऱ्या माध्यमांसह, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी’ असं छापलेलं असतं. बालवाडीच्या ताईंनी मला विचारलं, ‘संपूर्ण विश्वात म्हणजे चंद्रावर पण का?’ आम्ही हसलो, पण सही झालेली होती.

कायमस्वरूपी म्हणजे काय, याचा धडा अमेरिकेतल्या सुसान बेनेट यांच्याकडून घ्यावा. त्यांनी जुलै २००५मध्ये महिनाभर, दिवसाला चारेक तास, फोनच्या यंत्रणेसाठी म्हणून असंबद्ध वाक्यं वाचली. तेव्हा त्या पंचावन्नच्या घरात होत्या. २०११ साली आयफोनमध्ये ‘सिरी’ बोलू लागली तेव्हा हा आपलाच आवाज आहे हे त्यांना एका सहकाऱ्याकडून कळलं. पैसे मिळाले होते ते वाचण्याचे, कोट्यवधी फोनमध्ये बोलण्याचे नाहीत.

आज तर महिनाभर वाचायचीही गरज नाही. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून यंत्र तुमच्या आवाजात हवं ते बोलतं. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना मनाई केली, २०२५ साली आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं. आनंद आहे. पण या निकालांचा पाया प्रसिद्ध व्यक्तीच्या ओळखीचं मोल हा आहे. ज्या बाईचं नावच कुठे लागलं नाही, तिने हा आवाज माझा आहे हे कोर्टाला कसं पटवायचं? नाव गाळणं आणि आवाज चोरणं यांच्यातली वाट इतकी जवळची आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ योजनेत यंत्राला आपल्या भाषा शिकवण्यासाठी नागरिकांकडून वाक्यं वाचून घेतात, त्या मोहिमेचं नाव ‘भाषादान’. हेतू चांगला आहे, मराठी यंत्रालाही यायला हवी. पण बायकांकडून जे काही फुकट घ्यायचं त्याला आपल्याकडे दानच का म्हणतात, हा प्रश्न मनात येतोच. कन्या झाली, श्रम झाले, आता भाषा.

आणखी एक बाजू, जी कार्यशाळेत कुणीच सांगत नाही. ध्वनिमुद्रणाची खोली बंद असते. दार जाड, खिडकी नाही, आतला आवाज बाहेर जाणार नाही अशीच ती बांधलेली असते. आत एक बाई, काचेपलीकडे एक-दोन पुरुष, वेळ बऱ्याचदा रात्रीची. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाची जागा खूप व्यापक आहे, नोकरीत असण्याची अटही नाही. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची. आपल्या बहुतेक ध्वनिमुद्रणाच्या जागा दहापेक्षा लहान आहेत. आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? तक्रार केल्यावर काय होऊ शकतं याचं उदाहरणही समोर आहे. गायिका आणि डबिंग कलाकार चिन्मयी श्रीपदा यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये तमिळ चित्रसृष्टीतल्या छळाविषयी जाहीरपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात वर्गणी थकल्याचं कारण देऊन त्यांना तिथल्या डबिंग कलाकारांच्या संघटनेतून काढलं गेलं, आणि तमिळ डबिंगचं त्यांचं काम जवळजवळ थांबलं. २०२३च्या ‘लिओ’मध्ये त्रिशासाठी त्या पुन्हा तमिळमध्ये बोलल्या तेव्हा ती बातमी झाली. नामवंत बाईची ही गत. केरळात हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९मध्ये सरकारला सादर झाला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. तोही तिथल्या बायकांनी २०१७ साली स्वतःचा गट बांधला आणि तो विषय सोडला नाही म्हणून.

हे काम आहे की हौस, याचा निकाल आमच्या तिसऱ्या ताईंच्या बाबतीत भलत्याच ठिकाणी लागला. वर्षभरात त्यांना सहा कामं मिळाली, त्यांतल्या दोघांनी अजून पैसे दिलेले नाहीत. सासरची, माहेरची, सगळी माणसं म्हणत होती की ही बाई या वयात नको ते नाद करते. मग एके दिवशी पोटगीच्या दाव्यात नवऱ्याच्या वकिलाने त्यांचा डेमो कोर्टात हजर केला: ‘अर्जदार ही व्यावसायिक आवाज-कलाकार असून तिला स्वतंत्र उत्पन्न आहे.’ पोटगी कमी करायची वेळ आली तेव्हा नाद एकदम व्यवसाय झाला! २०२०च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ताईंनी सहाही कामं, मिळालेल्या आणि न मिळालेल्या रकमांसह, त्यात लिहिली आहेत. ते कागद त्यांच्याकडे होते म्हणून हे जमलं.

कागदाचं इतकं का लावून धरते, ते एव्हाना लक्षात आलं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा सरकारच्या निवेदनात डबिंग कलाकारांचा नावानिशी उल्लेख होता: नेमणूकपत्र, ठरलेलं वेतन, जादा कामाला दुप्पट दर. या संहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि माझ्याही शंका आहेत. कपाटात बसून बोलणारी बाई ‘नेमलेली’ कामगार ठरते का, हा त्यांतलाच एक प्रश्न. पण सरकारने स्वतःहून लिहिलेला शब्द आपण वापरायला नको का?

आम्ही केलं ते एवढंच. केंद्राची मागची खोली दुपारी बारा ते चार बंद असायची, तिच्या भिंतींना जुन्या गाद्या लावल्या. तिथे आता बायका दिवसाढवळ्या रेकॉर्डिंग करतात, त्यांच्या रात्री त्यांना परत मिळाल्या. एका वकील मैत्रिणीने मराठीत एका पानाचा करार करून दिला. काम कोणतं, कुठे वापरणार, किती वर्षं, नाव कुठे लागणार, पैसे कोणत्या तारखेला, रिटेक किती आणि त्यापुढच्या रिटेकचे किती, आणि ‘या ध्वनिमुद्रणावरून यंत्राने आवाज तयार करता येणार नाही’ हे एक स्वतंत्र वाक्य. पहिल्यांदा तो समोर ठेवला तेव्हा एका स्टुडिओवाल्याने ‘एवढ्याशा कामाला कसला करार, आपण घरच्यासारखे’ म्हटलं. दोघांनी मुकाट सही केली. बँकेतल्या ताईंनी सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करून घेतली, ती मोफत असते. आता त्यांचं बिल पंचेचाळीस दिवसांपुढे रेंगाळलं तर २००६च्या कायद्याप्रमाणे बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि तसं त्या पत्रात लिहितात. बावीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला व्याजाची भाषा कुणी शिकवावी लागली नाही. आणि तिघी आपला दर एकमेकींना सांगतात, ज्याच्या खाली कुणी जायचं नाही. हे सगळ्यांत अवघड गेलं. काम हातचं जाईल या भीतीने बालवाडीच्या ताई एकदा खाली गेल्या, त्यावरून आठ दिवस अबोला होता. मग तो मिटला.

मराठवाड्यातल्या ताई अजून ‘करायलाव’च म्हणतात. एका आरोग्यसंस्थेने रक्तक्षयावरच्या माहितीसाठी त्यांचा तोच आवाज घेतला आहे, श्रेयनामावलीत नाव लागेल असं लिहून देऊन. प्रत हातात आली की नाव खरंच लागलंय का ते बघणार आहोत. कराराचा नमुना ज्या गटांना हवा असेल त्यांनी संपादकांमार्फत कळवावं. आणि तुमच्या भागात कुणी असे करार केले असतील, विशेषतः कोकणात आणि विदर्भात, तर तुमचं कलम कसं लिहिलं होतं ते आम्हाला पाठवा. आमच्या नमुन्यातलं रिटेकचं कलम अजून कच्चं आहे.